मल्लखांब

मल्लखांब (मलखांब) : जमिनीत पुरलेल्या, वर निमुळत्या होत गेलेल्या गुळगुळीत लाकडी खांबावर पकडी, उड्या, आसने व तोल यांचा सलग संच करण्याचा देशी व्यायामप्रकार. मल्लाचा खांब तो मल्लखांब, ही शब्दाची फोड उघड आहे आणि मूळ उपयोगही तिच्यातच आहे. कुस्तीगीर जोडीदाराला जशी मिठी घालतो, पाय अडकवतो, त्याच्या पाठीवरून फिरतो, तसेच तो खांबाशी करतो. पुढे कुस्तीपासून सुटून हा स्वतंत्र खेळ झाला. आज प्रेक्षक पाहतात तो हा दुसरा मल्लखांब. पण त्याच्या पकडींची नावे आणि चढण्याच्या रीती तालमीतल्याच आहेत.

उगमाचा प्रश्न : मल्लखांबाच्या उगमाविषयी दोन मते आहेत. एका मताप्रमाणे ही प्राचीन विद्या असून मधल्या काळात ती मागे पडली आणि पेशवाईच्या अखेरीस तिचे पुनरुज्जीवन झाले. दुसऱ्या मताप्रमाणे आज ज्याला मल्लखांब म्हणतात तो प्रकार दुसऱ्या बाजीरावाच्या काळातील मल्ल बाळंभटदादा देवधर यांनीच निर्माण केला. दोन्ही पक्षांचा पुरावा नीट वेगळा केला, तर पहिले मत नावापुरते आणि दुसरे प्रत्यक्ष व्यायामापुरते खरे ठरते, असे म्हणण्यास जागा आहे.

प्राचीनतेसाठी सर्वाधिक आधार घेतला जातो तो कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथाचा. हा ग्रंथ साधारणपणे ११२९ ते ११३१ च्या सुमाराचा मानतात. त्यातील मल्लविनोदाच्या प्रकरणात मल्लांचे वर्ग, त्यांचा आहार व त्यांचे श्रम म्हणजे व्यायाम सांगितले आहेत आणि त्याच संदर्भात खांबाचा उल्लेख दाखवला जातो. गुजरातेत मोढेऱ्याच्या ज्येष्ठीमल्लांच्या, म्हणजे कुस्ती हाच पेशा असलेल्या ब्राह्मणांच्या, परंपरेतील ‘मल्लपुराण’ही स्तंभश्रम नावाचा व्यायाम मोजते. या पुराणाची उपलब्ध हस्तलिखिते सतराव्या शतकातील आहेत. मूळ रचना त्याहून बरीच जुनी असावी, असे अभ्यासक मानतात. या दोन ग्रंथांवरून एवढे निश्चित म्हणता येते की, मल्लाने खांबाशी झोंबून शरीर कमावण्याची रीत पश्चिम भारतात व दख्खनेत पेशवाईच्या कितीतरी आधीपासून होती. मात्र खांबावर चढून उलटसुलट फिरण्याची, वर जाऊन तोल धरण्याची जी कसरत आज या नावाने ओळखली जाते, तिचे वर्णन या स्तंभश्रमात शोधणे म्हणजे शब्दाला त्याच्या ताकदीपलीकडे ताणणे होय.

आणखी एक दाखला चिनी प्रवासी ह्यूएनत्संग याचा दिला जातो. सातव्या शतकात प्रयागच्या संगमावर त्याने काही तपस्वी पाहिले. नदीत उभारलेल्या उंच खांबावर ते सूर्योदयाला चढत, एका हाताने व एका पायाने खांब धरून दुसरा हात व पाय बाजूला ताणत आणि सूर्याकडे पाहत दिवस काढत. आजच्या मल्लखांबपटूची एखादी मुद्रा आठवावी असे हे चित्र आहे, म्हणूनच ते उद्धृत करण्याचा मोह होतो. पण ते तप होते, व्यायाम नव्हता. त्यात मल्लही नाही आणि शिकवणारा गुरूही नाही. हा दाखला बाजूला ठेवणेच योग्य.

बाळंभटदादा देवधर : सप्तशृंगी गडाची कथा याच टप्प्यावर येते आणि मल्लखांबाच्या इतिहासाची नाळ नाशिकशी जोडली जाते. बाळंभट (बाळंभट्ट) यांचे मूळ गाव निफाड तालुक्यातील गोदाकाठचे कोठुरे असे परंपरेने सांगितले जाते. त्यांचा जन्म १७८० च्या सुमारास व मृत्यू १८५२ मध्ये झाला असे मानतात. आख्यायिका अशी : निजामाच्या आश्रयाचे अली व गुलाब हे दोन मल्ल मुलूख जिंकत पुण्यास आले आणि त्यांनी दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात आव्हान दिले. कोणी पुढे येईना, तेव्हा कोवळ्या वयाच्या बाळंभटांनी ते उचलले व तयारीसाठी मुदत मागून घेतली. ते वणीच्या सप्तशृंगीला गेले, अनुष्ठानास बसले. देवीने दृष्टांत दिला आणि मारुतीने वानराच्या रूपात लाकडी खांबावर पकडी व पेच करून दाखवले. तेच पेच शिकून बाळंभट पुण्यास परतले. त्यांनी गुलाबाला चीत केले आणि ते पाहून अली आखाड्यात उतरलाच नाही.

कुस्ती कोणत्या साली झाली, हे कथेत नाही. तरी तिला बांध घालता येतो. दुसरा बाजीराव डिसेंबर १७९६ मध्ये गादीवर आला. ऑक्टोबर १८०२ मध्ये होळकरांनी पुणे घेतले, त्याला पुण्यातून निघावे लागले आणि वर्षाच्या अखेरच्या दिवशी वसईचा तह झाला. त्यानंतरचा त्याचा दरबार इंग्रजांच्या छायेतला होता. बाळंभट तेव्हा कोवळ्या वयाचे होते हा कथेतला तपशील आणि १७८० हे जन्मवर्ष एकत्र धरले, तर ही घटना १७९६ ते १८०२ या सहा वर्षांत बसते. त्यातही आधीच्या वर्षांकडे झुकते. मार्च १७९५ मध्ये निजामाचा खर्ड्याला पराभव झाला होता. त्याचे मल्ल पुण्यात येऊन आखाड्यात हिशेब चुकता करू पाहतात, ही कल्पना त्या काळाच्या मनःस्थितीशी जुळते. तेवढ्याने कथा सिद्ध होत नाही. पण ती निराधार रचली गेली नसावी, इतके म्हणता येते.

गडाची निवडही अर्थपूर्ण आहे. सप्तशृंगी गड आज कळवण तालुक्यात मोडतो. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे १४०० मीटर आहे. नाशिककर आजही सवयीने ‘वणीची देवी’ असेच म्हणतात. गडावर वानरांचा वावर पूर्वीपासून आहे. पायऱ्या चढणाऱ्या कोणाही भाविकाला तो ठाऊक असतो. वानर बुंध्याला मांड्यांनी मिठी घालते, मान खाली सोडून उतरते, हात मोकळे ठेवून पायांवर लटकते. मल्लखांबातील अढी, म्हणजे खांबाला घातलेली पायांची पकड, हीच आहे. दृष्टांताचा भाग श्रद्धेचा. पण एका जाणत्या मल्लाने झाडावरच्या प्राण्याची हालचाल न्याहाळून ती तालमीतल्या खांबावर उतरवली, असा या कथेचा गाभा मानला तर आधीचे दोन्ही पक्ष जुळतात. खांब जुना होता, त्यावरची विद्या नवी होती. प्रस्तुत नोंद याच मताकडे झुकते.

समकालीन व्यायामगुरू : बाळंभटांचे वय युरोपातील आधुनिक व्यायामाच्या आद्य गुरूंच्या बरोबरीचे आहे. जर्मनीचा फ्रीडरिख लुडविग यान १७७८ मध्ये जन्मला आणि १८५२ मध्येच वारला. १८११ मध्ये त्याने बर्लिनजवळ हाझेनहाइड येथे उघड्यावरचे व्यायामस्थान सुरू केले. समांतर दंड (पॅरलल बार) व आडवा दंड (हॉरिझाँटल बार) ही साधने त्याच्याच नावाने ओळखली जातात. स्वीडनचा पेर हेन्रिक लिंग (१७७६–१८३९) याने १८१३ मध्ये स्टॉकहोमला शासकीय व्यायामसंस्था काढली. तिघेही शरीरशिक्षणाची शिस्त घालून देणारे. पण यानच्या मागे नेपोलियनकडून झालेला प्रशियाचा पराभव होता, लिंगच्या मागे राजाश्रय होता आणि बाळंभटांचे राज्यच १८१८ मध्ये बुडाले.

हे साम्य पाहून मल्लखांबावरूनच युरोपातील दंडसाधने निघाली, असे तालमींतून सांगितले जाते. ते मान्य करता येत नाही. यानच्याही आधी योहान गुट्समुथ्स याने १७९३ मध्ये छापलेल्या व्यायामग्रंथात खांब व दोर चढण्याचे धडे दिले होते. तेव्हा बाळंभट जेमतेम तेरा वर्षांचे असतील. उलट दिशेचा प्रभावही दिसत नाही. दोन्हीकडे माणसाला वर चढावेसे वाटले आणि त्यासाठी जवळच्याच वस्तू कामी आल्या, हे अधिक संभवनीय आहे.

फरक मात्र मोलाचा आहे. दोर चढणे हा आरंभीच्या ऑलिंपिकमधील स्पर्धाप्रकार होता. १८९६ मध्ये अथेन्सला १४ मीटरचा दोर होता. टोकापर्यंत दोघेच पोहोचले व ग्रीसचा निकोलाओस अँड्रियाकोपौलोस पहिला आला. १९०४ मध्ये सेंट लुइसला अमेरिकेच्या जॉर्ज आयसर याने एक पाय लाकडी असताना २५ फुटांचा दोर ७ सेकंदांत चढून सुवर्णपदक घेतले. त्या एकाच दिवसात त्याने एकूण सहा पदके मिळवली. १९२४ मध्ये चेकोस्लोव्हाकियाचा बेद्रिख शुपचिक जिंकला आणि १९३२ नंतर हा प्रकार ऑलिंपिकमधून गेला. तिथे दोर हा चढून जाण्याचा रस्ता होता आणि हिशेब सेकंदांचा होता. दोरीच्या मल्लखांबात वर जाणे ही केवळ सुरुवात असते. खेळाडू दोरीतच राहतो, तिच्या वेढ्यांत शरीर गुंफतो आणि गाठ न मारता आसन धरतो.

साधने व पकडी : पुरलेला मल्लखांब सागाचा किंवा शिसवीचा असतो. स्पर्धेचा खांब जमिनीवर सुमारे २.६ मीटर असतो. बुंध्याशी घेर ५५ सेंमी. च्या आसपास व वर तो ३० सेंमी. पर्यंत निमुळता होतो. खालचा मोठा भाग ते अंग, त्यावरील बारीक भाग ती मान आणि टोकाचा गोळा ते बोंड. खांबाला एरंडेल चोळतात. त्याने घर्षण कमी होऊन कातडी सोलवटत नाही व लाकूडही टिकते. पण तेलावर पकड सुटते, म्हणून राळेची पूड वापरतात. तेल व राळ यांचे प्रमाण हवेप्रमाणे व खेळाडूच्या घामाप्रमाणे बदलते. हे गणित वस्तादाच्या हाताला कळते, मापाने सांगता येत नाही. पावसाळ्यात नाशिकसारख्या दमट हवेत खांब चिकट होतो, तेव्हा राळ बेताने लावावी लागते.

उडी घेऊन खांब धरणे, मांड्यांची अढी, त्यानंतर तेढी, बगल, दसरंग, फिरकी, सुईदोरा, वेल, झाप, फरारा, ताजवा अशी पकडींची व पेचांची घराणी आहेत. सुईदोऱ्यात हात व खांब यांच्यामधल्या फटीतून सगळे शरीर दोऱ्यासारखे ओवून काढतात. वेलात शरीर खांबाभोवती वळसे घेत वर चढते. फराऱ्यात शरीर खांबापासून दूर, निशाणासारखे आडवे फडकते. अढी पक्की होईपर्यंत जुने वस्ताद पुढचे काही शिकवत नसत. त्यात हट्ट नव्हता : हात सुटला तरी मांड्या सुटू नयेत, एवढे साधले की मुलाची मान वाचते. प्रत्येक संचाचा शेवट उडी मारून दोन्ही पायांवर स्थिर उभे राहण्यात होतो.

टांगता मल्लखांब साखळीने लटकवलेला आणि आखूड असतो. तो फिरतो व झुलतो, म्हणून त्यावर तोल अधिक लागतो. बाटल्यांवर उभ्या केलेल्या खांबाला निराधार मल्लखांब म्हणतात. दोरीच्या मल्लखांबाआधी वेताचा मल्लखांब होता. लांब व लवचीक वेत दुर्मीळ होत गेला तशी सुती दोरी आली. ती पायाचा अंगठा व शेजारचे बोट यांच्या बेचक्यात धरून चढतात. मुलींमध्ये मल्लखांब रुजला तो मुख्यतः या दोरीवर.

प्रसार : पेशवाई संपल्यावर बाळंभट बाजीरावाबरोबर ब्रह्मावर्तास (बिठूर) गेले. कोंडभटनाना गोडबोले हे त्यांचे प्रमुख शिष्य. त्यांच्यामुळे ही विद्या काशीत रुजली आणि काशीहून दामोदर गुरू मोघे प्रभृतींनी ती पुढे नेली. नानासाहेब, तात्या टोपे व बालपणीची मनकर्णिका, म्हणजे पुढची झाशीची राणी लक्ष्मीबाई, यांनी बिठूरला मल्लखांब शिकला, असे परंपरा सांगते. बाजीराव १८५१ पर्यंत बिठूरला होता, त्यामुळे कालदृष्ट्या ते अशक्य नाही. बडोद्यात प्रा. माणिकराव (१८७८–१९५४) यांनी जुम्मादादांच्या आखाड्यातून देशी व्यायामाला हुकूम, कवायत व वर्ग यांची शिस्त दिली आणि मल्लखांबाला शाळेच्या अंगणात आणले.

अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या (स्थापना १९१४) पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. त्यांत मल्लखांबही होता, असे सांगितले जाते. यानच्या हाझेनहाइडचे शहर तेच. राष्ट्रीय पातळीवर मल्लखांब आधी जिम्नॅस्टिक्सच्या स्पर्धांना जोडून येत असे. स्वतंत्र अखिल भारतीय स्पर्धा जानेवारी १९८१ मध्ये उज्जैनला झाली. मध्य प्रदेशाने २०१३ मध्ये तो राज्यखेळ म्हणून स्वीकारला. फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईच्या शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा झाली व तीत सुमारे १५ देशांचे खेळाडू उतरले. २०२० मध्ये योगेश मालवीय यांना द्रोणाचार्य, २०२१ साठी हिमानी परब व २०२२ साठी सागर ओव्हाळकर यांना अर्जुन पुरस्कार मिळाले. दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. परदेशी खेळाडूंप्रमाणेच दृष्टिहीन मुलांनाही त्यांनी मल्लखांब शिकवला. ज्याला खांब दिसत नाही त्यालाही तो अंगाने कळतो, हे या विद्येचे मोठे बळ आहे.

नाशिक : क्रीडाक्षेत्रात नाशिकचे नाव आज २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर धावण्यात कांस्यपदक मिळवणारी कविता राऊत, रिओ ऑलिंपिकमध्ये वल्हवलेला चांदवड तालुक्याचा दत्तू भोकनळ आणि बुद्धिबळातील ग्रँडमास्टर विदित गुजराथी यांच्यामुळे घेतले जाते. त्यांच्या शेजारी बाळंभटदादांचे नाव क्वचितच येते. ते यायला हवे. शहरात मल्लखांबाचे मुख्य घर म्हणजे शतक ओलांडलेली यशवंत व्यायामशाळा. गुलालवाडी व्यायामशाळेचे लेझीम पथक गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत जसे ओळखीचे, तसा यशवंतचा मल्लखांब. महाराष्ट्रात मल्लखांब दिन १५ जूनला पाळतात. त्या दिवशी खांबाची पूजा होते, शेजारी मारुतीची तसबीर असते आणि आधी सर्वांत लहान मुलाला अढी घालायला लावतात.