झिजलेले काटे आणि हलणारा खडा : दागिना दुरुस्तीला देण्यापूर्वी

खडा धरून ठेवणाऱ्या बारीक काट्यांच्या, म्हणजेच प्राँगच्या, दुरुस्तीसाठी येणारे बहुतेक ग्राहक आम्हाला एकच प्रश्न विचारतात: "काटा नुसता दाबून दिला तर चालणार नाही का?" काटा केवळ वाकला असेल आणि त्याची जाडी शाबूत असेल तर चालते, आणि ते काम आम्ही आपल्यासमोर करून देतो. मात्र काटा झिजला असेल, तर दाबून खड्यावर आणण्याइतका धातूच तिथे उरलेला नसतो. असा पातळ काटा पुन्हापुन्हा वाकवला की सोने त्या जागी कडक होत जाते आणि शेवटी मुळाशी तडकते.

काटे झिजतात यात दागिना घडवणाऱ्याचा दोष असतोच असे नाही. १८ कॅरटमध्ये ७५ टक्के सोने असते आणि उरलेला भाग कठीणपणासाठी मिसळलेल्या धातूंचा असतो. तरीही साध्या धुळीत असणारे गारेचे कण या मिश्रणापेक्षा बरेच कठीण असतात, त्यामुळे रोजच्या वापरात काट्याची गोलाई हळूहळू घासली जाते. दोन अंगठ्या एकाच बोटात घालणाऱ्यांच्या बाबतीत ही झीज अधिक वेगाने होते, विशेषतः एका अंगठीतले हिरे दुसरीच्या काट्यांवर घासत असतील तर. तरणतलावातल्या पाण्यातील आणि कपडे पांढरे करण्याच्या द्रावणातील क्लोरीनही सोन्यात मिसळलेल्या धातूंवर परिणाम करते. पांढऱ्या सोन्याचे काटे त्यामुळे ठिसूळ होऊन अचानक तुटू शकतात.

आमचा सर्वाधिक वेळ खाणारी गोष्ट मात्र झीज नसून गोंद आहे. खडा हलतो असे दिसताच झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा एक थेंब त्याखाली सोडला जातो, खडा घट्ट बसल्यासारखा वाटतो आणि दागिना पुढे कित्येक महिने वापरला जातो. गोंद काट्याचे काम करत नाही. पाणी, साबण आणि बोटाची हालचाल यांनी तो कालांतराने सुटतो. तोवर खडा हलत नसल्यामुळे काटे किती झिजले याची सूचना मिळणेही बंद झालेले असते. असा दागिना आमच्याकडे आला की त्यावर लगेच ज्योत धरता येत नाही, कारण तापलेला गोंद करपून खड्याला काळा थर देतो आणि त्याचा धूर डोळ्यांना व घशाला झोंबतो. म्हणून दागिना आधी अ‍ॅसिटोनमध्ये भिजत ठेवून कोंदणातला गोंद मऊ करावा लागतो आणि मगच मूळ दुरुस्तीला हात घालता येतो. खडा पाचू असेल तर हाही मार्ग जवळजवळ बंद होतो, कारण बहुतेक पाचूंच्या सूक्ष्म भेगांमध्ये तेल किंवा राळ भरलेली असते आणि अ‍ॅसिटोन ती काढून टाकू शकते. मग आधी न दिसणाऱ्या भेगा स्पष्ट दिसू लागतात. गोंद लावलेल्या दागिन्याला आम्ही वेगळी मुदत सांगतो ती यासाठी, आणि काही ग्राहकांना ती अवास्तव वाटते हेही आम्हाला ठाऊक आहे.

दुरुस्ती अशी होते: झिजलेल्या टोकावर त्याच कॅरटचे नवे सोने डाख देऊन किंवा लेझरने जोडायचे, त्याला आकार द्यायचा, ते खड्यावर बसवायचे आणि कपड्यात अडकणार नाही इतके गुळगुळीत करायचे. हिरा, माणिक आणि नीलम स्वच्छ करून जागेवर ठेवूनच काम करता येते; बोरिक आम्लाचा लेप मात्र फक्त हिऱ्याला देतात, कारण तापल्यावर तो माणिक आणि नीलमाचा पृष्ठभाग खराब करू शकतो. पाचू, ओपल, टांझानाइट आणि अ‍ॅमेथिस्ट यांना ज्योतीची उष्णता सोसत नाही, म्हणून ते काढून पुन्हा जडवावे लागतात किंवा लेझर वापरावे लागते. शिशाची काच भरलेल्या माणकांना तर ज्योतीइतकेच डाखानंतरच्या सफाईचे आम्लही घातक असते. त्यामुळे खड्यावर कोणती प्रक्रिया झाली आहे हे आम्ही खोदून विचारतो आणि प्रमाणपत्र असल्यास सोबत आणायला सांगतो. तो प्रश्न अविश्वासापोटी नसतो.

एकच काटा तुटला असताना आम्ही चारही किंवा सहाही काटे दुरुस्त करायला का सुचवतो, हा आक्षेपही नेहमीचा आहे. एका कोंदणातले काटे सोबतच वापरात आलेले असतात, त्यामुळे एक झिजला तर इतरही फार मागे नसतात. शिवाय खडा काढावा लागणारच असेल, तर तो पुन्हापुन्हा काढण्यापेक्षा एकदाच काढणे खड्याच्या कडांसाठी सुरक्षित असते. अर्थात, भिंगाखाली बाकीचे काटे ठीक दिसले तर तसे सांगून आम्ही एकच करून देतो. मुळापासूनच सगळे काटे गेले असतील, तर टोके जोडत बसण्यापेक्षा वरचे कोंदण बदलणे शहाणपणाचे ठरते.

घरी करण्यासारखे आहे ते एवढेच: दागिना कानाजवळ धरून हलवून पाहावा, लोकरीच्या कापडावरून हलकेच फिरवावा आणि बाजूने पाहून काट्याचे टोक गोल आहे की पत्र्यासारखे चपटे झाले आहे हे तपासावे. रोज घालण्याची अंगठी दर सहा महिन्यांनी दाखवून न्यावी. दहापट भिंगाखाली काटे पाहून देण्याचे आम्ही शुल्क घेत नाही, मग दागिना कुठूनही घेतलेला असो.

खडा हलत असेल तर दागिना वापरणे थांबवून तो छोट्या बंद पिशवीत ठेवावा आणि त्याच पिशवीत घेऊन यावा, म्हणजे वाटेत खडा निघाला तरी हरवणार नाही. गोंद आधीच लावला असेल तर तो खरवडू नये; दागिना देताना तेवढे सांगावे, आम्ही पावतीवर त्याची नोंद करून घेतो.