काऊ उडतो की नाही?

सतरंजीवर सात-आठ मुलं गोल बसली आहेत. प्रत्येकाचं एक बोट जमिनीला टेकलेलं. बाई म्हणतात, "चिमणी उड!" बोटं वर. "म्हैस उड!" एक बोट चुकून उचललं जातं आणि सगळे खिदळतात. मग बाई हळूच म्हणतात, "पॅरट उड!" मुलं गोंधळतात. बाई हाताचे पंख करून हलवतात. बोटं वर! "डॉग उड!" आणि बाई भुंकून दाखवतात. बोटं खाली ती खालीच.

या खेळात मुलाला एकही इंग्रजी शब्द बोलावा लागत नाही, आणि मला तेच सगळ्यात मोलाचं वाटतं. मातृभाषेतही बाळाला शब्द आधी कळतो, बोलता येतो नंतर. 1960 च्या दशकात जेम्स ॲशर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने याच तत्त्वावर परभाषा शिकवण्याची पद्धत बसवली: आज्ञा ऐका आणि अंगाने कृती करा, बोलायची घाई नको. आपण मात्र पाहुण्यांसमोर तीन वर्षांच्या पोराला उभं करतो, "काकांना पोएम म्हणून दाखव." कविता पाठ असते, अर्थाचा पत्ता नसतो.

मग मोबाइलवर इंग्रजी गाणी लावून दिली तर? बाळं भाषा कशी शिकतात याचा अभ्यास करणाऱ्या पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेला प्रयोग 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. इंग्रजी घरांतल्या नऊ महिन्यांच्या बाळांशी चिनी बोलणारी माणसं खेळली, त्यांनी पुस्तकं वाचून दाखवली. अशा फक्त 12 बैठका. त्यानंतर ही बाळं चिनी भाषेतले बारीक ध्वनिभेद ओळखू लागली. दुसऱ्या गटाला त्याच माणसांचं तेच बोलणं टीव्हीवर दाखवलं, तिसऱ्याला नुसतं ऐकवलं. या दोन्ही गटांच्या पदरात काहीच पडलं नाही. समोरचं माणूस बाळाच्या नजरेकडे बघतं, ते थांबलं की थांबतं, हसलं की हसतं. पडद्यावरचं माणूस बाळासाठी थांबत नाही. ही बाळं नऊ महिन्यांची होती, बालवाडीतली मुलं मोठी असतात, हे खरं. तरीही मोबाइल देण्यापेक्षा रोज दहा मिनिटं मुलाशेजारी मांडी घालून बसावं, असंच मी सांगेन. तुमचे उच्चार साहेबी नसले तरी चालतील. खेळ मराठीतच असू द्या, त्यात चार-पाच इंग्रजी नावं पेरा, आणि तीच पुन्हा पुन्हा येऊ द्या.

सतरंजीवर आता बाई म्हणतात, "काऊ उड!"

निम्मी बोटं वर, निम्मी खाली. चिऊ-काऊच्या गोष्टीतला काऊ उडतो, पण इंग्रजीतला काऊ म्हणजे तर गाय! भांडण जुंपतं. एवढ्यात कोपऱ्यातली, आतापर्यंत गप्प बसलेली मुलगी विचारते, "बाई, कोणता काऊ? मराठीतला की इंग्रजीतला?"