बॉडी अडकली? शेड्यूल बदलून मागण्याआधी हे वाचा
सहा महिन्यांहून जास्त काळ नियमित येणाऱ्या सभासदांसाठी

काउंटरवर सगळ्यात जास्त येणारी विनंती एकच असते: "सर, शेड्यूल बदलून द्या ना, बॉडी अडकलीये." आम्ही ते लगेच बदलून देत नाही. आधी व्यायामाच्या नोंदींची वही मागतो, आणि वही नसेल तर चार आठवडे ती लिहायला सांगतो. बाजूच्या जिममध्ये दर पंधरा दिवसांनी नवं शेड्यूल मिळतं, मग इथे का नाही, असं काही जण विचारतात. त्याचं कारण सगळ्यांना नीट कळावं म्हणून हे पत्रक.

पहिल्या काही महिन्यांत ताकद झपाट्याने वाढते. त्यातला मोठा वाटा मेंदू आणि नसांचा असतो: शरीर ती हालचाल शिकतं आणि आहेत तेच स्नायू जास्त चांगले वापरतं. हा टप्पा संपला की वेग कमी होतो, आणि तो होणारच. वर्षभर नीट व्यायाम केलेल्या माणसाला महिन्याला पाव ते अर्धा किलो स्नायू मिळाला तर ती चांगली प्रगती आहे, पण इतका फरक आरशात दिसत नाही. म्हणून "अडकलो" हे आरशावरून ठरवू नका. तोच व्यायाम, तीच पद्धत, आणि चार आठवड्यांत एकही किलो किंवा एकही रेप (एकदा उचलून खाली आणणं) वाढला नाही, तर अडकलात. एखादा आठवडा वाईट गेला म्हणजे अडकलात असं नाही.

शेड्यूल बदललं की काय होतं

नवा व्यायाम सुरू केला की पहिले दोन-तीन आठवडे शरीर पुन्हा हालचाल शिकण्यात घालवतं. त्या काळात वजन भराभर वाढतं, दुसऱ्या दिवशी अंग दुखतं आणि "आता लागतंय" असं वाटतं. हे अंग दुखणं नवेपणाचं असतं, त्यावरून स्नायू किती वाढेल हे कळत नाही. चौथ्या आठवड्यात शिकणं संपतं आणि खरा भार स्नायूवर येऊ लागतो. नेमक्या त्याच वेळी आकडे मंदावतात, कंटाळा येतो आणि शेड्यूल पुन्हा बदललं जातं. वर्षभर असं केलं की बारा वेळा सुरुवात होते आणि एकाही व्यायामात पुढे जाणं होत नाही. सभासदांचा सगळ्यात जास्त वेळ याच एका चुकीत जातो. शिवाय तुलना करायला मागचा आकडाच नसल्यामुळे नेमकं कुठे अडलंय हे आम्हालाही सांगता येत नाही.

आकडे लिहून त्यावरून भार वाढवत नेण्याची पद्धत आम्ही शोधलेली नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकी लष्करातले डॉक्टर थॉमस डीलॉर्म जखमी सैनिकांचे पाय पुन्हा बळकट करत होते. एखादा सैनिक जास्तीत जास्त किती वजन दहा वेळा उचलू शकतो, हे ते दर आठवड्याला नव्याने मोजत आणि पुढचा भार त्यावरून ठरवत. त्यांचा लेख १९४५ साली प्रसिद्ध झाला. भार टप्प्याटप्प्याने वाढवायचा आणि तो मोजून वाढवायचा, हे तत्त्व आजही तसंच लागू आहे.

वहीत काय लिहायचं

प्रत्येक व्यायामाला एक ओळ पुरे. उदाहरणार्थ: "बेंच प्रेस, ५० किलो, १०-९-८, शेवटी १ बाकी." १०-९-८ म्हणजे तीन सेटमध्ये, म्हणजे न थांबता केलेल्या तीन फेऱ्यांत, निघालेले रेप. 'बाकी' म्हणजे थांबलात तेव्हा नीट पद्धतीने अजून किती रेप निघाले असते. वजन लिहिताना रॉडसकट लिहा. लांब ऑलिम्पिक रॉड २० किलोचा आहे, पण आखूड आणि वाकड्या रॉडची वजनं वेगवेगळी आहेत, ती टोकावर रंगवलेली आहेत. डंबेलचं वजन एका हाताचं लिहा. केबलवर व्यायाम केलात तर कोणत्या मशीनवर, तेही लिहा, कारण पुलीची रचना वेगळी असली की ३० किलोची पिन एका मशीनवर हलकी आणि दुसऱ्यावर जड लागते. मशीन बदलल्यामुळे "ताकद कमी झाली" म्हणून घाबरून येणारे बरेच असतात.

आता वाढ कशी करायची ते. समजा बेंच प्रेसला ८ ते १२ रेपचे तीन सेट आहेत आणि आज ५० किलोवर १०-९-८ निघाले. पुढच्या वेळी वजन तेच ठेवायचं आणि कुठल्यातरी सेटमध्ये एक रेप वाढवायचा. तिन्ही सेट १२ वर पोचले की दोन्ही बाजूंना सव्वा किलोची प्लेट लावून ५२.५ किलो करायचं. रेप पुन्हा ९-८-८ वर येतील, आणि ते तसंच यायला हवं. अडीच किलोसाठी पाच-सहा आठवडे लागले तरी ती प्रगतीच आहे.

घाई बहुतेक डंबेलवर होते. १० किलोवरून १२.५ वर जाणं म्हणजे एकदम २५ टक्के वाढ, आणि खांद्याच्या व्यायामाला ती झेपत नाही. तिथे आधी १५ रेपपर्यंत जा, मगच डंबेल बदला. रॉडच्या शोल्डर प्रेससाठी अर्ध्या किलोच्या प्लेटा काउंटरवर ठेवल्या आहेत. मागून घ्या आणि परत ठेवा.

आकडा वाढतोय पण हालचाल आखूड होतेय, हा प्रकार फार चालतो. स्क्वॉटमध्ये मांडी जमिनीला समांतर, बेंचमध्ये रॉड छातीला टेकवून आणि न आपटता वर, लॅट पुलडाउनमध्ये कंबर न झुलवता: हे पाळलं तरच वहीतला आकडा खरा. महिन्यातून एकदा मोबाइल कमरेच्या उंचीवर, बाजूला ठेवून एक सेट चित्रित करा. बहुतेकांचा स्क्वॉट त्यांना वाटतो त्यापेक्षा वर थांबलेला असतो.

शेड्यूल सोडून बाकी काय तपासायचं

सेट फार आधी सोडला जातो. स्नायू वाढायला शेवटी १ ते ३ रेप बाकी असताना थांबलेलं चालतं, पण ५-६ बाकी असतील तर तो वॉर्मअपच. तुमचा अंदाज बरोबर आहे का हे पाहायला मशीनवर किंवा केबलवर एकदा शेवटचा सेट अगदी निघेनासा होईपर्यंत करून पाहा. दहाला थांबणाऱ्याला पंधरा निघतात, असं पुष्कळदा होतं. ही परीक्षा स्क्वॉट किंवा बेंचवर मागे कोणी उभं नसताना अजिबात करू नका.

मोठ्या व्यायामांत दोन सेटच्या मध्ये २ ते ३ मिनिटं थांबा. हात आणि खांद्याच्या छोट्या व्यायामांना एक-दीड मिनिट चालेल. संध्याकाळी ६ ते ८ गर्दी असते, मागे माणूस उभा असतो आणि चाळीस सेकंदांत पुढचा सेट मारला जातो. दम लागतो, घाम येतो, पण रेप कमी पडतात. अशा वेळी दोघं मिळून करा किंवा चेस्ट प्रेस आणि लॅट पुलडाउन आलटून पालटून घ्या. एक स्नायू काम करतो तेव्हा दुसरा सुटतो.

सोमवारी छातीचे २२ सेट आणि मग आठवडाभर छातीला हात नाही, हेही बदला. एका दिवसात एका स्नायूचे आठ-दहा चांगले सेट झाले की पुढच्यांचा फायदा फार थोडा असतो. तेच सेट सोमवार आणि गुरुवारमध्ये वाटा. आठवड्याला एका मोठ्या स्नायूचे १० ते २० सेट पुरतात. १० ते १२ ने सुरू करा, वहीतले आकडे थांबले आणि झोप-जेवण नीट असेल तरच दोन सेट वाढवा. पायांनाही हाच हिशोब आहे, पंधरा दिवसांतून एकदा करून पाय वाढत नाहीत.

सहा ते आठ आठवडे जोर लावल्यावर एक आठवडा हलका घ्या: वजन तेच किंवा दहा टक्के कमी, सेट निम्मे. दोन-तीन व्यायामांचे आकडे सलग दोन वेळा खाली आले, सांधे कुरकुरू लागले, झोप मोडू लागली, तर हा आठवडा आधीच घ्या. गणपती, दिवाळी, घरचं लग्न अशा दिवसांत तो बसवला तर चुकल्याची रुखरुखही राहत नाही. एका हलक्या आठवड्याने कमावलेला स्नायू जात नाही.

जेवणाचा हिशोब

सकाळी उठून, शौचाला जाऊन आल्यावर, चहाआधी वजन करा आणि आठवड्याची सरासरी काढा. तीन आठवडे सरासरी हलली नसेल तर शरीराला वाढायला सामान मिळत नाहीये, आणि कुठलंही शेड्यूल ते भरून काढणार नाही. रोजच्या जेवणात एक केळं आणि मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे वाढवले की साधारण २७० कॅलरी जास्त जातात. सुरुवातीला एवढं पुरे. ७० किलोच्या माणसाने आठवड्याला २०० ते ३०० ग्रॅम वाढावं. त्याहून वेगाने वाढलेलं बहुतेक पोटावर बसतं, म्हणून पंधरवड्याला बेंबीपाशी कंबरही मोजा.

प्रोटीन शरीराच्या दर किलोमागे १.६ ग्रॅम धरा. ७० किलोला ते सुमारे ११० ग्रॅम होतं. "रोज डाळ खातो की" हे उत्तर आम्हाला नेहमी मिळतं, पण वाटीभर पातळ आमटीत ५-६ ग्रॅमच प्रोटीन असतं. शाकाहारी दिवस असा जुळतो: दोन वाट्या आमटी ११, चार पोळ्या १२, ५० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ १२, ५० ग्रॅम कोरडे सोया चंक्स २६, १०० ग्रॅम पनीर १८, अर्धा लिटर दूध १७, २०० ग्रॅम दही ७ आणि ते ३० ग्रॅम शेंगदाणे ७. अंडं खाणाऱ्यांनी दर अंड्याला ६ ग्रॅम धरावेत, आणि २०० ग्रॅम कच्च्या चिकन ब्रेस्टला सुमारे ४५. उपवासाच्या दिवशी मात्र लक्ष ठेवा. साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ नसतंच, खिचडीत जे आहे ते दाण्याच्या कुटाचं. त्या दिवशी दूध, दही, पनीर आणि राजगिरा वाढवा.

व्हे प्रोटीन (दुधापासूनची प्रोटीन पावडर) आम्ही विकतो, तरीही सांगतो: वरचा हिशोब घरच्या जेवणातून जुळत असेल तर पावडरचा डबा घेऊ नका. कामावर डबा खायला वेळ नसेल किंवा सोया पचत नसेल, तर एक स्कूप सोयीचा पडतो. कुठूनही घ्या, पण सील आणि १४ अंकी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरण) परवाना क्रमांक पाहून घ्या. क्रिएटिन मोनोहायड्रेट ही ताकदीसाठी घेतली जाणारी पावडर रोज ३ ते ५ ग्रॅम, कोणत्याही वेळी. सुरुवातीला किलो-दोन किलो वजन वाढतं, ते स्नायूत धरलेलं पाणी असतं. रक्ततपासणीत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम पाहायला मोजतात ते) थोडं वर दिसू शकतं, म्हणून डॉक्टरांना क्रिएटिन घेत असल्याचं सांगा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय व्हे आणि क्रिएटिन दोन्ही घेऊ नका.

वाढीची इंजेक्शनं आणि गोळ्या आमच्याकडे मिळत नाहीत आणि त्यांची माहितीही आम्ही देत नाही. त्यांनी शरीराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बंद पडतं आणि हृदयावर ताण येतो. वही न लिहिता त्या वाटेने गेलेल्या तरुणाचं नुकसान आम्हाला पाहवत नाही.

वही, झोप, जेवण सगळं नीट असूनही सतत थकवा असेल तर डॉक्टरांना दाखवा आणि हिमोग्लोबिन, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासायचं का ते विचारा. शाकाहारी माणसांत बी-१२ ची कमतरता बरीच आढळते.

मग शेड्यूल कधी बदलतो

एखाद्या व्यायामात सांधा दुखत असेल, तर लगेच, त्याच दिवशी. तुमच्या यायच्या वेळा किंवा दिवस बदलले, तरी बदलतो. आणि ८ ते १२ आठवडे वही लिहून, वरचं सगळं तपासूनही आकडा हलत नसेल, तेव्हा. तेव्हाही सगळं पालटत नाही. मुख्य व्यायाम ठेवून एक-दोन बदलतो, जसं सपाट बेंचच्या जागी काही आठवडे इनक्लाइन डंबेल प्रेस, म्हणजे बाकीचे आकडे तुलनेला राहतात.

वही तपासणी शनिवारी संध्याकाळी असते. साधारण वीस मिनिटं लागतात, त्यात एका व्यायामाची पद्धतही पाहून देतो. वार्षिक सभासदांना त्याचे वेगळे पैसे नाहीत, मासिक सभासदांना तीन महिन्यांतून एकदा मोफत आहे. छापील वही काउंटरवर मिळते, साधी शाळेची वहीही चालते. नाव आदल्या दिवशी नोंदवा आणि येताना चार आठवड्यांच्या नोंदी, दोन आठवड्यांची सकाळची वजनं आणि कोणत्याही तीन दिवसांचं जेवण, त्यात एक रविवार धरून, लिहून आणा.