आभाळ बघणाऱ्या म्हणी आणि तारीख बघणाऱ्या म्हणी

‘रेड स्काय ॲट नाइट, शेफर्ड्स डिलाइट’ ही इंग्रजांची एक लाडकी म्हण. संध्याकाळी आभाळ तांबडं झालं तर मेंढपाळ खूश, कारण उद्याचा दिवस कोरडा जाणार. तेच सकाळी तांबडं दिसलं तर सावध राहा. दुसरी म्हण १५ जुलैची. सेंट स्विदनच्या दिवशी पाऊस पडला तर पुढचे चाळीस दिवस पडत राहणार, आणि त्या दिवशी उघडीप असली तर चाळीस दिवस उघडीप. दोन्ही यमकात, दोन्ही जुन्या, दोन्ही पावसाबद्दल. त्यामुळे कुणी दोन्हींना पूर्वजांचं शहाणपण म्हणून डोक्यावर घेतं, तर कुणी दोन्हींना अडाणीपणा म्हणून झटकून टाकतं. मला दोन्ही पक्ष चुकीचे वाटतात. या दोन म्हणींचं कूळच वेगळं आहे.

आधी तांबड्या आभाळाचं बघू. मावळतीचा सूर्य क्षितिजाला टेकलेला असतो, त्याचा प्रकाश हवेच्या जाड थरातून तिरपा येतो. वाटेत निळा रंग विखरून जातो, तांबडा उरतो. पण तो आपल्यापर्यंत पोचायला पश्चिमेकडे लांबवर वाट मोकळी हवी. तिकडे ढगांची भिंत असेल तर संध्याकाळ नुसतीच करडी होते. म्हणजे तांबडी संध्याकाळ सांगते की पश्चिमेला आभाळ निवळलेलं आहे. आता ब्रिटन ज्या अक्षांशांत आहे तिथे वारे बहुतांशी पश्चिमेकडून वाहतात आणि पावसाचे पट्टे अटलांटिकवरून पूर्वेला सरकत येतात. आज पश्चिमेला जे आहे ते उद्या डोक्यावर. सकाळी उलट: उगवतीकडची हवा मोकळी, म्हणजे चांगला काळ पुढे निघून गेलेला, आणि पश्चिमेकडून येणाऱ्या ढगांवर सूर्याची तांबडी तिरीप पडलेली. बायबलमध्ये मत्तयाच्या सोळाव्या अध्यायात येशू परुश्यांना हीच खूण सांगतो. तिथेही पाऊस येतो तो भूमध्य समुद्राकडून, पश्चिमेकडूनच. त्यामुळे ही म्हण तिकडेही खोटी पडत नाही.

याच कुळातली आणखी एक, ‘रेन बिफोर सेव्हन, फाइन बाय इलेव्हन’. सातच्या आधी लागलेला पाऊस अकरापर्यंत थांबतो. पट्टे सरकते असतात आणि एकेक पट्टा ओलांडून जायला सहसा काही तास लागतात, एवढंच तिच्या मुळाशी आहे. सात आणि अकरा हे आकडे इंग्रजीत यमकाला सोयीचे, म्हणून ते फार मनावर घेऊ नयेत. चंद्राभोवतीचं खळं दिसलं की पाऊस, ही खूणही अशीच. उंचावरच्या पातळ ढगांतल्या बर्फाच्या कणांमधून प्रकाश वळतो आणि खळं पडतं. असे ढग बऱ्याचदा येणाऱ्या पावसाच्या पट्ट्याच्या पुढे धावत असतात.

आता स्विदनबाबा. हे विंचेस्टरचे बिशप, नवव्या शतकातले. दंतकथा अशी की, आपल्याला चर्चबाहेर पुरावं, येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय आणि पावसाचे थेंब आपल्यावर पडावेत, अशी त्यांची इच्छा होती. पुढे ९७१ साली १५ जुलैला त्यांचे अवशेष आत हलवले, तेव्हा संतांचा कोप होऊन पाऊस कोसळला म्हणतात. म्हणीला एवढाच आधार. तिच्यात कुणी आभाळाकडे बघितलेलंच नाही, बघितलंय ते कॅलेंडरकडे. ब्रिटिश हवामान खात्याकडे १८६१ पासूनच्या नोंदी आहेत. त्यांत सेंट स्विदनच्या दिवसानंतर सलग चाळीस दिवस पाऊस किंवा सलग चाळीस दिवस कोरडे असं एकदाही झालेलं नाही.

त्यात तारखेचा घोळ वेगळाच. ब्रिटनने १७५२ मध्ये जुनं कॅलेंडर सोडून नवं घेतलं, तेव्हा २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला. अकरा दिवस गायब. त्या बदलाच्या अगदी आधी लोक ज्याला १५ जुलै म्हणत तो दिवस आजच्या हिशेबाने २६ जुलै. (मुंबईकरांना ही तारीख २००५ पासून वेगळ्याच कारणाने पाठ आहे.) सण नव्या कॅलेंडरवर सरकला, त्याच्यामागोमाग म्हणही सरकली, आणि चाळीस दिवसांचा करार जसाच्या तसा राहिला. आभाळ बघणाऱ्या म्हणीला असला धक्का बसूच शकत नाही. संध्याकाळ कुठल्याही कॅलेंडरवर संध्याकाळच असते.

तरी स्विदनबाबांना अगदीच मोडीत काढू नये. जुलैत उंचावरच्या वेगवान वाऱ्याचा झोत ब्रिटनच्या उत्तरेला गेला की उन्हाळा कोरडा जातो, डोक्यावर किंवा दक्षिणेला अडकून बसला की ओला जातो, आणि ही मांडणी एकदा बसली की काही आठवडे टिकायचा कल असतो. जर्मनीत अशीच म्हण २७ जूनची आहे, तिथे मुदत सात आठवड्यांची. फ्रान्समध्ये ८ जूनच्या सेंट मेदारची, तिथे पुन्हा चाळीस. इतक्या ठिकाणी सारखीच म्हण निघावी याचा अर्थ मला असा लागतो की भर उन्हाळ्यात हवा एकाच वळणावर राहते हे लोकांनी खरोखर पाहिलेलं असणार. चूक झाली ती त्या निरीक्षणाला एका संताच्या एका दिवसाला बांधण्यात. बाकी स्विदनच्या दिवशीच्या पावसाने सफरचंदांचा बाप्तिस्मा होतो, त्याआधी ती खाऊ नयेत, हेही इंग्लंडात सांगतात. कच्च्या सफरचंदापासून पोरांना लांब ठेवायला एवढं पुरत असेल.

दोन्ही कुळांच्या मध्ये एक म्हण अडकलेली आहे: ओकला ॲशच्या आधी पालवी फुटली तर पाऊस शिंतोड्यांवर भागेल, ॲशला आधी फुटली तर चिंब भिजाल. इथे तारीख नाही, झाड बघितलंय, म्हणून ती खरी वाटते. नॉरफकच्या रॉबर्ट मार्शमने १७३६ पासून अशा पालवीच्या, फुलांच्या, पक्ष्यांच्या नोंदी ठेवल्या, म्हणून या बाबतीत जुनी माहिती हाताशी आहे. पण ओकची पालवी उबेला जास्त दाद देते. वसंत उबदार गेला की ओक पुढे जातो. म्हणजे झाड सांगतंय ते झालेल्या हवेबद्दल आणि आपण ऐकतोय ते येणाऱ्या पावसाबद्दल. हल्ली वसंत उबदार होत चाललेत, ओकच बहुधा पुढे असतो. म्हणून इंग्लंडचे उन्हाळे कोरडे झालेत असं मात्र नाही.

यावरून कुणी तांबड्या संध्याकाळीवर विसंबून नागपुरात कपडे वाळत टाकणार असेल तर थांबा. पावसाळ्यात विदर्भाला भिजवणारे कमी दाबाचे पट्टे बंगालच्या उपसागरावरून येतात, पूर्वेकडून पश्चिमेला. तिथे मावळतीची लाली फार तर निघून गेलेल्या हवेबद्दल बोलेल. पश्चिमी वाऱ्यांच्या देशात कमावलेली ही म्हण आपल्याकडे नुसती कविता होते.

आपल्या नक्षत्रांच्या म्हणी वरवर स्विदनसारख्या दिसतात, कारण त्याही तारखेला बांधलेल्या. पण ‘पडतील स्वाती तर पिकतील माणिकमोती’ नीट वाचा. स्वाती लागते ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, सोलापूर-मंगळवेढ्याकडे तेव्हा काळ्या रानात रब्बी ज्वारी उगवून आलेली असते आणि ती जमिनीतल्या ओलीवर तगते. त्या वेळचा एक पाऊस म्हणजे पीक हाताशी. पडला तर काय होईल ते म्हण सांगते, पडेल की नाही याची हमी ती घेत नाही. इथे तारीख म्हणजे पिकाचं वय. तशी हमी घेतं ते पंचांगातलं नक्षत्राचं वाहन. सूर्य-चंद्राच्या नक्षत्रांचं गणित करून ते ठरवतात, आणि बेडूक, म्हैस किंवा हत्ती आला की यंदा पाऊस भरपूर असं घरोघरी सांगितलं जातं. सेंट स्विदनच्या शेजारी कुणाला बसवायचंच असेल तर या बेडकाला बसवावं.