लेझर तोफेचा दारूगोळा म्हणजे सेकंद

१३ एप्रिल २०२५ रोजी आंध्र प्रदेशात कर्नूलजवळ डीआरडीओने ३० किलोवॅटच्या लेझरने स्थिरपंखी ड्रोन पाडून दाखवला. यात स्फोट नसतो, आवाज नसतो. पंखाचा किंवा शेपटीचा एखादा भाग तापून मऊ पडतो आणि उरलेलं काम वारा करतो.

झोत प्रकाशाच्या वेगाने पोचतो हे खरं, पण पोचला म्हणजे पाडलं असं होत नाही. तो एकाच जागी धरून ठेवावा लागतो. फायबर लेझरची (काचेच्या बारीक तंतूत झोत तयार करणाऱ्या लेझरची) तरंगलांबी साधारण १.०७ मायक्रॉन असते. ती ३० सेंटीमीटरच्या आरशातून सोडली, तर ५ किलोमीटरवरचा ठिपका अगदी आदर्श स्थितीतही सव्वाचार-साडेचार सेंटीमीटरचा होतो, म्हणजे १५ चौरस सेंटीमीटर. तिथे २ मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा असेल, तर ठिपक्याखाली येतं ८ ग्रॅम धातू. तो वितळवायला लागतात सुमारे ८ किलोज्यूल. निम्मी शक्ती वाटेत गेली आणि उरलेल्यातली एक तृतीयांशच रंगवलेल्या पत्र्याने शोषली, तरी ५ किलोवॅट हाती राहतात. कागदावर दीड-दोन सेकंदांत काम फत्ते!

प्रत्यक्षात पत्रा उष्णता आजूबाजूला पसरवतो, वारा त्याला थंड करतो आणि मुख्य म्हणजे ठिपका थरथरतो. झोताची दिशा १० मायक्रोरेडियनने (मायक्रोरेडियन हे कोनाचं अतिसूक्ष्म एकक) हलली की ५ किलोमीटरवर ठिपका ५ सेंटीमीटर सरकतो, स्वतःच्या रुंदीपेक्षा जास्त. मग दोन सेकंदांचे सहा-आठ कधी होतात कळतही नाही. फोम किंवा प्लॅस्टिकचा ड्रोन मात्र लवकर हार मानतो.

आता थवा घ्या. ताशी १८० किलोमीटरने येणारा ड्रोन ५ किलोमीटर १०० सेकंदांत कापतो. प्रत्येकाला ५ सेकंद झोत आणि आरसा वळवून पुढचा पकडायला २ सेकंद धरले, तर चौदा पडतील. पंधरावा अंगावर येईल. खरा दारूगोळा वीज नाही, सेकंद आहेत.

शक्ती वाढवली तर? अमेरिकेत लॉकहीड मार्टिनने २०२२ मध्ये ३०० किलोवॅटचा लेझर संरक्षण खात्याला दिला. पण ठिपक्याचं क्षेत्रफळ अंतराच्या वर्गाने वाढतं. म्हणून दहापट शक्तीने तेवढ्याच सेकंदांत मारा करता येतो तो फक्त सव्वातीन पट अंतरावर, तोही स्वच्छ हवेत. शिवाय जोरदार झोत वाटेतली हवाच तापवतो. तापलेली हवा विरळ होते, अंतर्गोल भिंगासारखी वागते आणि झोत फाकवते. आडवं जाणाऱ्या लक्ष्यामागे झोत फिरत राहतो, त्याला सतत ताजी हवा मिळते. सरळ आपल्याकडे येणाऱ्या लक्ष्यावर मात्र तो हवेच्या त्याच नळीत अडकतो. नेमकं जे लक्ष्य सर्वांत धोक्याचं, तेच सर्वांत अवघड. धुकं आणि पाऊस तर वेगळेच. जुलैतल्या कोकण किनाऱ्यावर हे यंत्र बरेच दिवस झाकून ठेवावं लागेल.

दुसरी अडचण तोफेच्या पोटात असते. कार्यक्षमता ३० टक्के धरली, तर ३० किलोवॅट प्रकाशासाठी १०० किलोवॅट वीज लागते आणि ७० किलोवॅट उष्णता आतच राहते. दहा सेकंदांच्या माऱ्यात २० लिटर पाणी ८ अंशांनी तापेल एवढी. यटर्बियम हे मूलद्रव्य मिसळलेल्या फायबरला प्रकाश पुरवणारे डायोड ९७६ नॅनोमीटरच्या तरंगलांबीवर नेमके बसवलेले असतात. ते एक अंश तापले की तरंगलांबी सुमारे ०.३ नॅनोमीटर सरकते, फायबर तो प्रकाश कमी शोषतं आणि शक्ती पडते. म्हणून चिलर (थंड करणारं यंत्र) आणि गारव्याचा साठा यांचं वजन कित्येकदा लेझरपेक्षा जास्त भरतं. झोत बाहेर पडतो त्या खिडकीच्या काचेवर धुळीचा कण बसला, तर तोच जळून काचेला डाग पाडतो.

ब्रिटनच्या ड्रॅगनफायर या लेझर तोफेच्या एका माऱ्याचा खर्च १० पौंडांच्या आसपास सांगितला जातो. आपल्या हिशेबात दहा सेकंदांची वीज पाव युनिटापेक्षा जराच जास्त होते, त्यामुळे आकडा पटतो. मात्र त्यात आरसा, चिलर, जनरेटर आणि रडार धरलेलं नसतं.

मोठी स्वप्नंही पाहून झाली आहेत. बोइंग ७४७ मध्ये बसवलेल्या मेगावॅटच्या रासायनिक लेझरने फेब्रुवारी २०१० मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ क्षेपणास्त्र पाडलं. तरी पुढच्याच वर्षी प्रकल्प गुंडाळला गेला, कारण उपयोगी पडायचं तर विमानाला शत्रूच्या हद्दीत घिरट्या घालत राहावं लागलं असतं. आजचे फायबर लेझर म्हणूनच शेवटच्या चार-पाच किलोमीटरची जबाबदारी घेतात, आणि शेजारी बंदूक ठेवलेली असते.