सूर्याने दिलेला: हेलिओडोरस नावाची माणसं

मध्य प्रदेशात विदिशाजवळ, बेतवा आणि बेस नद्यांच्या संगमापासून थोड्याच अंतरावर, बेसनगरला एक दगडी खांब उभा आहे. आसपासचे लोक त्याला खांबबाबा म्हणत आणि पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर फासत. १८७७ मध्ये पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम तिथे पोचले तेव्हा शेंदराचा थर इतका जाड होता की त्यांना एक अक्षरही दिसलं नाही. घडणीवरून त्यांनी खांब गुप्तकाळातला ठरवून टाकला. पुढे १९०९ मध्ये थर निघाला, खाली ब्राह्मी अक्षरं सापडली आणि खांब एकदम पाचेक शतकं म्हातारा झाला.

लेखाची भाषा प्राकृत आहे. 'देवदेव वासुदेवाचा हा गरुडध्वज' असं सांगून झाल्यावर उभारणाऱ्याची ओळख येते: 'हेलिओदोरेण भागवतेन दियस पुत्रेण'. दियाचा मुलगा हेलिओदोर. राहणार तक्षशिलेचा, यवन, म्हणजे ग्रीक, राजा अंतलिकित (अँटिआल्किडस) याचा दूत, आणि स्वतः भागवत. काशीपुत्र भागभद्र राजाच्या दरबारी तो आला होता. काळ साधारण ख्रिस्तपूर्व ११३.

'हेलिओडोरस' हे ग्रीक नाव दोन तुकड्यांचं. हेलिओस म्हणजे सूर्य, डोरोन म्हणजे देणगी. सूर्याने दिलेला. संस्कृतशी या दोन्ही तुकड्यांचं जुनं नातं आहे. ग्रीक आणि संस्कृत जिच्यातून निघाल्या त्या मूळ भाषेतला शब्दारंभीचा 'स' ग्रीकमध्ये बहुधा 'ह' झाला. आपल्या सप्तचा तिकडे हेप्टा होतो तो त्यामुळेच. तेव्हा हेलिओस हा सूर्याचा भाऊबंद. डोरोन निघतो 'देणे' या अर्थाच्या त्याच धातूपासून, ज्यापासून आपलं 'दान' आणि 'दत्त' निघालं.

या साच्यात ग्रीकांनी भरपूर नावं पाडली. अपोलोडोरस, आर्टेमिडोरस, दैवताचं नाव न घेता नुसता देव घेतलेला थिओडोरस (रशियात त्याचाच फ्योदोर झाला), इजिप्तची इसिस देवी ग्रीकांच्या घरात शिरली तेव्हा इसिडोरस. इतिहासकार हिरोडोटस याच्या नावात हेरा देवी आहे. अथेन्सजवळच्या केफिसोस नदीच्या नावावरून केफिसोडोरस होता. पाताळाच्या हेडीसची देणगी म्हणवून घेणारं मूल मात्र सापडत नाही, आणि ते समजण्यासारखं आहे.

नावांचा अभ्यास करणाऱ्यांना अशी नावं म्हणजे खाणच. खंडू किंवा जोतिबा नाव ऐकलं की घराण्याचा मुलूख आपल्याला ढोबळपणे कळतो, तसंच हे. ऱ्होड्स बेटावर सूर्य हे मुख्य दैवत. तिथला तो प्रसिद्ध महाकाय पुतळा हेलिओसचाच. सूर्यपूजा जिथे मुळात जोरात होती त्या सीरियात आणि इजिप्तमध्येही अलेक्झांडरनंतरच्या काळात हेलिओडोरस भरपूर भेटतात. शिलालेख, नाणी, पपायरस यांतून ग्रीक नावं वेचून त्यांचा प्रदेशवार कोश करायचं काम पीटर फ्रेझर यांनी ब्रिटिश अकॅडमीच्या छत्राखाली १९७२ मध्ये सुरू केलं. आज त्यात लाखो माणसांची नोंद आहे.

पण नावावरून माणसाची श्रद्धा ओळखायला गेलं की फसगत होते, हे माझं ठाम मत आहे, आणि बेसनगरचा खांब त्याचा सर्वांत चांगला पुरावा. बापाच्या नावात झ्यूस (दिय म्हणजे डिऑन, आणि ते झ्यूसवरून आलेलं), मुलाच्या नावात हेलिओस, आणि मुलगा स्वतःला म्हणवतो वासुदेवाचा भक्त. त्याचं ग्रीकपण नावापेक्षा दुसऱ्याच एका शब्दात उतरलंय. भागभद्राला तो 'त्रातार' म्हणतो. भारतीय राजे ही पदवी लावत नसत. ती ग्रीक राजांच्या 'सोटेर', म्हणजे तारणहार, या पदवीचं प्राकृत रूप आहे आणि त्यांच्या नाण्यांवर दिसते. यजमान राजाचा मान राखताना दूताने सवयीचा दरबारी शब्द वापरला असावा.

याची उलटी बाजू नाशिकला पांडवलेण्यांत आहे. लेणं क्रमांक १७ कोरवून घेणारा स्वतःला योनक, म्हणजे यवन, म्हणवतो. उत्तरेकडच्या दत्तामित्री गावचा. नाव काय? धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त. म्हणजे यवनाच्या नावात वैदिक देवांची जोडी, साचा तोच 'अमक्याने दिलेला', आणि लेणं बौद्ध! चौथ्या शतकात इटलीतल्या अल्टिनोचा ख्रिस्ती बिशप, संत जेरोमचा मित्र, हाही हेलिओडोरसच होता. नावातल्या सूर्यदेवाची त्याला काही अडचण झाल्याचं दिसत नाही.

ज्यू परंपरेत हे नाव बदनाम आहे. सीरियाचा राजा चौथा सेल्यूकस याचा मंत्री हेलिओडोरस जेरुसलेमच्या मंदिराचा खजिना जप्त करायला गेला, तेव्हा एक दिव्य घोडेस्वार आणि दोन तरुण प्रकट झाले आणि त्यांनी त्याला बडवून काढलं, अशी कथा मक्काबींचा दुसरा ग्रंथ या जुन्या ज्यू ग्रंथात आहे. राफाएलने ती व्हॅटिकनच्या भिंतीवर रंगवली. चमत्कार बाजूला ठेवला तरी माणूस खरा होता. ख्रिस्तपूर्व १७५ मध्ये त्याने आपल्याच राजाचा खून केला.

या प्रकरणाचा दगडी पुरावा मात्र अगदी अलीकडे हाती आला. ख्रिस्तपूर्व १७८ मधलं एक ग्रीक राजपत्र कोरलेला शिलाखंड २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. तो जुन्या वस्तूंच्या बाजारातून आलेला, त्यामुळे सापडला कुठे ते ठाऊक नव्हतं. पुढे इस्रायलमधल्या मारेशा इथल्या उत्खननात मिळालेले लेखाचे तुकडे त्याच्या खालच्या बाजूला बसले आणि पत्ता लागला. पत्र राजाने हेलिओडोरसला लिहिलंय: त्या मुलखातल्या मंदिरांवर देखरेखीसाठी ऑलिंपिओडोरस नावाचा अधिकारी नेमला आहे. मंदिरांच्या कारभारात राजाने हात घातला, तो कथेतल्या प्रसंगाच्या थोडाच आधी. कथेला इतिहासाचा पाया किती, यावर बोलायला त्यामुळे निदान एक जागा मिळाली.

रोमन काळात या नावाचा एक शल्यविशारद होऊन गेला. त्याचे उतारे चौथ्या शतकातल्या ओरिबासियस या वैद्याच्या संग्रहात उरले आहेत. अवयव कापताना आधी कमी मांसल बाजू हाडापर्यंत कापावी, मग हाड करवतावं आणि मांसल बाजू शेवटी, असं तो सांगतो. मोठ्या रक्तवाहिन्या जितक्या उशिरा कापल्या जातील तितका रक्तस्राव कमी, हा त्यामागचा हिशेब. सीरियातल्या एमेसाचा, म्हणजे आजच्या होम्सचा, एक कादंबरीकार हेलिओडोरसही होता. एमेसा सूर्यदेवाच्या मंदिरासाठी प्रसिद्ध, आणि हा गृहस्थ कादंबरीच्या शेवटी आपण हेलिओसच्या वंशातले असल्याचं नोंदवतो. इथे नाव आणि गाव यांची जोडी अगदी जमून आली आहे.

मला यांच्यातला सर्वांत जवळचा वाटतो तो अलेक्झांड्रियाचा खगोलनिरीक्षक. अमोनियस या तत्त्वज्ञाचा भाऊ. दोघेही अथेन्सला प्रोक्लस या तत्त्वज्ञाकडे शिकलेले. इसवी सन ४७५ ते ५१० मधल्या ग्रहताऱ्यांच्या सात निरीक्षणांची यादी त्याच्या हातून आपल्यापर्यंत पोचली. त्या यादीतलं एक निरीक्षण अथेन्समध्ये 'थेइओस'ने केलं असं लिहिलंय. या शब्दाचा अर्थ 'दैवी' किंवा 'काका'. सतराव्या शतकात फ्रेंच खगोलज्ञ बुलियाल्डस याने ही निरीक्षणं छापली, आणि त्या शब्दातून 'थिउस' नावाचा अथेन्सवासी खगोलज्ञ जन्माला आला, जो कधी नव्हताच. जुन्या पुस्तकांत तो बराच काळ वावरला.

यादीतली ११ मार्च ५०९ ची नोंद पुढे मोठ्या कामाला आली. त्या दिवशी रात्र सुरू होताना चंद्र रोहिणीच्या अगदी लगत दिसला, नुकताच तिला झाकून पुढे सरकल्यासारखा. तारे आपापल्या जागी स्थिर नसतात असं इंग्रज खगोलज्ञ एडमंड हॅलीने १७१८ मध्ये मांडलं तेव्हा ही नोंद त्याच्यासमोर होती: चंद्राची त्या रात्रीची जागा गणिताने काढली, तर आजच्या जागेवरची रोहिणी त्याच्याआड गेलीच नसती. व्याध, स्वाती आणि रोहिणी हे तिन्ही तारे प्राचीन खगोलज्ञ टॉलेमीच्या यादीतल्या जागेपासून अर्ध्या अंशाहून जास्त दक्षिणेला सरकलेत, असा त्याचा दावा होता. व्याध आणि स्वातीच्या बाबतीत तो बरोबर ठरला. रोहिणी मात्र वर्षाला जेमतेम ०.२ विकला सरकते (अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा भाग विकला). टॉलेमीपासून हॅलीपर्यंतच्या काळात ते अंतर सहा कलांच्या आतबाहेर भरतं, अर्ध्या अंशाच्या, म्हणजे तीस कलांच्या, जवळपासही जात नाही.