मागे रेललं की स्की वळत नाही

अजिंक्यतारा किंवा सज्जनगड उतरताना अंग आपोआप मागे रेलतं, टाचा रोवल्या जातात. साताऱ्याकडची डोंगरात तयार झालेली मंडळी हिवाळ्यात गुलमर्ग किंवा औलीला स्की शिकायला जातात, तेव्हा हीच सवय आड येते. दम असतो, मांड्यांत ताकद असते, पण वळण काही जमत नाही.

स्की म्हणजे बुटाखाली बांधलेली लांब पट्टी. ती वरून पाहा. टोकाशी आणि शेपटाशी रुंद, मधे कमरेशी बारीक. ती कडेवर कलली आणि वजनानं मधे वाकली की कडेची कमान बर्फात रुतते आणि स्की त्या कमानीवरून आपणहून वळते. कडेची त्रिज्या 14 मीटर असेल, तर 60 अंश कललेली स्की टणक बर्फावर साधारण 7 मीटर त्रिज्येचं वळण घेते. मागे रेललं की वजन शेपटावर जातं, टोक हलकं होतं आणि पुढची कड बर्फाला चावतच नाही. मग घाबरून खांदे फिरवले जातात, शेपूट घसरतं आणि माणूस आडवा होतो.

खूण सोपी आहे. नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली हवी. पोटरी मागच्या बाजूला दाबली जात असेल तर तुम्ही मागे आहात. थंडीच्या भीतीनं मोज्यांचे दोन जोड घालू नका. बुटात पाय सरकतो आणि घोट्याची हालचाल स्कीपर्यंत पोचत नाही. एकच लांब मोजा पुरे.

उजवीकडे वळायचंय असं धरू. आधी थोडं उंच व्हा, म्हणजे दोन्ही स्की सपाट होतील. वजन डाव्या पायावर न्या. मग घोटा आणि गुडघा हळूहळू उजवीकडे कलवा. आता टोक थेट खाली येईल, ओतलेलं पाणी ज्या वाटेनं धावेल त्या वाटेवर. वेग वाढतो तो इथेच, आणि बहुतेक जण मागे रेलतात तेही इथेच. नेमकं याच क्षणी नडगी पुढे दाबायची. छाती उताराकडेच ठेवा. स्की उताराला आडवी होईपर्यंत वळण सोडू नका, कारण वेग त्यानंच मोडतो.

आता कलण्याचा हिशोब. 15 मीटर त्रिज्येचं वळण ताशी 30 किलोमीटरनं घेताना सुमारे 25 अंश कलावं लागतं, मग यवतेश्वर घाटातली मोटरसायकल असो की बर्फावरचा माणूस. 60 किलोच्या माणसाला वळणाच्या आतल्या बाजूला जवळजवळ 28 किलो वजनाइतका जोर बर्फाकडून मिळावा लागतो. पण मोटरसायकलस्वारासारखं सगळं अंग आत टाकलं, तर वजन आतल्या पायावर जातं आणि बाहेरची स्की निसटते. गुडघे आणि कंबर आत, धड मात्र बाहेरच्या पायावर, असा बाक हवा.

हा बाक घरी शिकता येतो. दोन वजनकाटे शेजारी ठेवून एकेकावर एकेक पाय ठेवा. गुडघे उजवीकडे कलवा, आणि डाव्या काट्यावर एकूण वजनाचा तीन चतुर्थांश भाग येईपर्यंत धड डावीकडे आणत राहा. 60 किलोला 45. खांदे उजवीकडे झुकले की डावा आकडा लगेच उतरलेला दिसेल.

बर्फावर हीच परीक्षा दुसऱ्या तऱ्हेनं घ्या: वळणाच्या मध्यावर आतल्या स्कीचं शेपूट चार बोटं उचला. उचललं जात नसेल, तर वजन अजून आतल्या पायावरच आहे.